पावतीवाले आप्पा

भोंगवलीत पाऊस पडला की बाकीचे लोक आभाळाकडे बघतात, आप्पा डब्याकडे. ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यात फूटपट्टी बुडवायची, डायरीत मिलिमीटर लिहायचे आणि मगच "आज झाला बरं का" असं जाहीर करायचं. तोवर पाऊस ही अफवा.

असे एक आप्पा भोर तालुक्यातल्या कुठल्याही गावात सापडतील. कुठे ते एसटीचे निवृत्त कंडक्टर असतात, कुठे सोसायटीचे माजी सचिव. आमचे आप्पा डेअरीचे. उभी हयात फॅट काढण्यात गेली. गाईचं दूध साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला लागलं की घालणारा सज्जन, त्याखाली गेलं की संशयित. माणसं ओळखायला त्यांना एवढं पुरायचं. एखाद्या म्हातारीने "आप्पा, म्हस नाही रं, गाय हाय माझी" अशी गयावया केली तरी ते पावती पुढे सरकवून म्हणायचे, "मी कुठं काय म्हणतोय? मशिन म्हणतंय."

निवृत्तीनंतर साखर निघाली. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं. माळ्यावरची अठ्ठावीस इंची काळी सायकल खाली आली. पुण्याच्या पुतण्याने दिवाळीला बिनवायरीचा स्पीडोमीटर आणून दिला. दर रविवारी कात्रजचा बोगदा ओलांडून, कापूरहोळमार्गे सारोळ्याच्या पुलावरून शिरवळकडे सुटणारे हेल्मेटवाले लावतात, तसला. आप्पा हरखले. पहाटेच हायवेच्या फाट्यापर्यंत जाऊन आले. मीटरवर शून्य.

"आलात ना हिंडून? मग झालं की," काकू म्हणाल्या.

"आलो गं. पण चढलं नाही."

जे मीटरवर चढलं नाही, त्याने साखर तरी कशी उतरणार? त्या दिवशी आप्पांनी चहाही बिनसाखरेचाच घेतला.

सायकल चहाच्या टपरीसमोर उभी राहिली आणि तज्ज्ञ गोळा झाले. पहिला म्हणाला, "रेंज नसंल." दुसरा म्हणाला, "नेटपॅक मारलाय का?" तिसऱ्याने मीटर काढून दोनदा तळहातावर आपटला, टीव्हीच्या रिमोटपासून मोटरच्या स्टार्टरपर्यंत त्याचा हाच इलाज. चौथ्याचं म्हणणं, चायना माल. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मीटर परत घेतला आणि डायरीचं नवं पान उघडलं. ह्या जातीच्या माणसाचं खरं पाणी इथे कळतं. आपल्याला पंधरा शंका एकदम येतात. आप्पा एका वेळी एकच शंका घेतात आणि ती फिटेपर्यंत दुसरीला दारात उभं करत नाहीत.

पहिली शंका बॅटरीची. रुपयाच्या नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल एक मीटरमध्ये, एक काट्यावर बसवलेल्या सेन्सरमध्ये. आकडे दिसतात म्हणजे मीटरमधला जिवंत. सेन्सरमधल्याची हमी त्यावरून मिळत नाही. तो उघडला, अधिकची खूण वर आहे ना पाहिलं, पत्रा नातवाच्या खोडरबराने घासला, नवा सेल घातला. शून्यच.

दुसरी शंका चुंबकाची. पुतण्याने फोनवर समजावलं: सेन्सरमध्ये काचेची बारीक नळी आहे, तिच्यात लोखंडी पात्यांची जोडी. स्पोकवरचा चुंबक समोरून गेला की पात्या क्षणभर टेकतात, तोच एक फेरा. ही युक्ती १९३६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत निघाली. "म्हणजे माझ्याहून थोरली," आप्पा म्हणाले आणि सेन्सरला आदराने हात लावू लागले. चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरूनच जायला हवा आणि मधली फट चार-पाच मिलिमीटरच्या वर नको. आप्पांच्या सायकलला ती बोटभर होती.

मग परीक्षा. मीटर काढून सेन्सरला टेकवला आणि चुंबक हातात घेऊन खुणेसमोरून भराभर फिरवला. आकडा हलला! म्हणजे तिघेही निर्दोष. भांडण फक्त अंतराचं. असले मीटर दोन-सव्वादोन फुटांपलीकडचं ऐकत नाहीत, आणि ह्या काळ्या सायकलचं हँडल उंच आणि मागे वळलेलं. टपरीवरचा पहिला तज्ज्ञ बरोबर होता. रेंज नव्हती, फक्त टॉवर पुढच्या चाकापाशी होता.

उपाय सोपा वाटला: सेन्सर वर सरकवायचा. पण स्पोक हबपाशी पसरट आणि रिमकडे आत झुकलेले. सेन्सर खाली ठेवला तर चुंबक जवळ, मीटर लांब. वर घेतला तर मीटर जवळ, चुंबक लांब. आप्पा दोन दिवस ह्या पेचावर जेवले. शेवटी जुन्या ट्यूबचे तुकडे सेन्सरखाली घालून तो स्पोककडे ढकलला, मीटर हँडलच्या मुठीजवळून काढून मधल्या दांड्यावर आणला. चाक फिरवलं. आकडे पळू लागले. काकूंना हाक गेली, "अगं, बघ, तेरा!" त्या चुलीपुढून म्हणाल्या, "जागेवर उभं राहून?"

इथे दुसरा कुणी थांबला असता. आप्पांनी मीटरचं माहितीपत्रक वाचलं. चाकाचा घेर २०९६ मिलिमीटर धरलेला, म्हणजे हेल्मेटवाल्यांच्या पातळ टायरचा. त्यांनी अंगणात टायरवर खडूची खूण केली, सायकलवर बसून नातवाकडून एक फेरा ढकलून घेतला आणि टेप लावली: २२४० मिलिमीटर. म्हणजे दर किलोमीटरला ६४ मीटर बुडीत. आप्पांचा चेहरा लाल झाला. हयातभर त्यांनी दुसऱ्यांना कमी फॅट लावली, पण स्वतःला कुणी काटा मारलेला हा पहिलाच प्रसंग.

ह्या माणसांना वेगाशी काही देणंघेणं नसतं. आप्पा आजही बैलगाडीला वाट देत चालवतात. त्यांना हवी असते पावती. आपण गेलो, घाम गाळला, परत आलो, ह्याला घरात साक्षीदार नसतो. बायकोने पाहिलं तरी ती लिहून देत नाही. मीटर देतो, म्हणून त्याच्यासाठी एवढी यातायात.

आता मीटर चोख चालतो आणि नवंच प्रकरण उभं राहिलंय. फाट्यापर्यंतचं अंतर रस्त्याकडेचा दगड एक सांगतो, आप्पांचा मीटर दुसरं. टपरीवरचे म्हणतात, मीटर चुकत असेल. आप्पांचं म्हणणं, दगडाचा घेर कुणी मोजलाय? दगड हलवावा म्हणून ते अर्ज करणार आहेत. मजकूर अजून ठरायचाय. जावक क्रमांक मात्र टाकून झालाय.