जॉनचा कॅमेरा

परदेशात कायमचं राहायला निघालेल्या माणसाला हल्ली असं एक पत्र लिहावं लागतं, जे कुणालाच मिळायचं नसतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकारात लेखनाच्या पेपरातला पहिला प्रश्न पत्राचा. किमान १५० शब्द, साधारण २० मिनिटं. त्यानंतरचा निबंध २५० शब्दांचा आणि गुणांत पत्राच्या दुप्पट वजनाचा, म्हणून क्लासवाले पत्राला फारशी किंमत देत नाहीत. ‘ते काय, होऊन जातं’ म्हणतात.

आमच्या भाचीचं होऊन जात नव्हतं. तिला कॅनडाला जायचंय. तिथे स्थायिक व्हायच्या एक्स्प्रेस एंट्रीत चांगले गुण मिळवायचे तर भाषेची सीएलबी ९ पातळी गाठायची, म्हणजे लेखनात निदान ७ बँड. इंग्रजी बोलायचं तिला काही वाटत नाही. ऑफिसात ती दिवसभर इंग्रजीतच भांडते. अडलं ते पत्रापाशी. मग तिला आठवलं की मामाची सगळी नोकरी सरकारी कचेरीत मसुदे करण्यात गेली.

“मामा, तू तर जन्मभर पत्रंच लिहिलीस ना?”

लिहिली. पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू होणाऱ्या पत्रात लिहिणारा माणूस कुठे असतो? तिथे ‘कळविण्यात येते’, ‘निदर्शनास आणून देण्यात येते’. कोण आणून देतं, ते देवाला आणि फाइलला ठाऊक. हिच्या पत्रात उलट माणूसच लागतो. तोही सतत कुठल्यातरी बारीकशा अडचणीत सापडलेला आणि तरीही कमालीचा सभ्य. भाड्याच्या घरातला हीटर बंद पडलाय. आगगाडीत पिशवी राहिलीय. शेजारी रात्री मोठ्यानं गाणी लावतो. आपल्याकडे शेजारी डीजे लागला तर कुणी पत्र लिहीत नाही. एकतर खाली जाऊन नाचतो, नाहीतर खिडक्या लावून घेतो. दोन्हींना १५० शब्द लागत नाहीत.

प्रसंगाखाली तीन मुद्दे दिलेले असतात. तिन्हींवर लिहायलाच हवं. पत्ता घालायचा नाही, मायनाही प्रश्नातच दिलेला. एवढी सोय असून भाची पेन चावत बसायची.

“पण माझी पिशवी कधी गाडीत राहिलीच नाही रे.”

ती लहानपणापासून खरं बोलणारी. त्याचा त्रास असा मोठेपणी होतो. मी तिला समजावलं की तपासणारा काही स्टेशनमास्तरला फोन लावणार नाही. तो चार गोष्टी बघतो: विचारलं ते सांगितलं का, ओघ आहे का, शब्दसंग्रह पुरेसा आहे का आणि व्याकरण धड आहे का. खरेपणा हा पाचवा निकष नाही. पाठ करून आणलेलं पत्र ओळखू आलं तर मात्र गुण जातात. थोडक्यात, खोटं चालतं, पण ते ताजं हवं.

हे तिला एकदा पटलं आणि तिच्या वहीत जॉन आला. मित्राला पत्र लिहायचं म्हटलं की आपली मुलं जॉनलाच का लिहितात, मला कळत नाही. सुलभाला लिहिलं म्हणून कुणी गुण कापत नाही. पण जॉन आला तो राहिलाच. सोमवारी हिनं त्याचा कॅमेरा उसना नेला आणि फोडला. मंगळवारी त्याच्या घरी आठवडाभर राहून आल्याबद्दल आभार मानले. बुधवारी त्याच्या लग्नाला येता येत नाही म्हणून माफी मागितली, आणि गुरुवारी त्यालाच नोकरीबद्दल सल्ला विचारला. मला त्या जॉनची काळजी वाटायला लागली. “कॅमेऱ्याचे पैसे दिलेस का गं त्याला?” असं मी एकदा विचारलंही. “ते तिसऱ्या मुद्द्यात आहेत, मामा,” ती म्हणाली.

मायन्याप्रमाणे शेवट बदलायचं कर्मकांड तिला कठीण वाटायचं. नाव माहीत नसलेल्या साहेबाला ‘डिअर सर ऑर मॅडम’ म्हटलं की खाली ‘युअर्स फेथफुली’; आडनाव घालून लिहिलं की ‘युअर्स सिन्सिअरली’; जॉनला यातलं काहीच नाही. मला यात परकं काही वाटलं नाही. वडिलांना तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याला चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद, हे आम्ही शाळेत घोकलं होतं. कुणाला कसं लिहावं याचे नमुने देणारी मेस्तकं तर थेट हेमाडपंतांच्या नावावर सांगतात. क्लासवाल्यांच्या छापील नमुन्यांची परंपरा अशी यादवकाळापर्यंत जाते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं; फी वाढवतील.

परकी आहे ती पहिली ओळ. त्या परीक्षेत पत्र का लिहितोय हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं असतं: मी हीटरबद्दल तक्रार करण्यासाठी लिहीत आहे. झालं! एवढं तोंडावर कुणी बोलतं का? आमच्या घरी गावाहून अंतर्देशीय यायचं, त्यात आधी ‘इकडील सर्व क्षेम’, मग पाऊस, मग भुईमूग, मग म्हैस व्याली ती, मग सर्वांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा. एवढं झाल्यावर, कागद दुमडायच्या जागी, बारीक अक्षरात ता. क.: धाकटीचं लग्न ठरतंय, जमेल तेवढे पैसे पाठवावेत. वडील ते पत्र उलटीकडूनच वाचायचे. पैसे मागणाऱ्याचा संकोच कुठे मावायला हवा की नाही? तो म्हशीच्या मागे उभा असायचा. त्या पत्राला ओघात किती बँड मिळाले असते कुणास ठाऊक, पण पैसे मात्र दर वेळी गेले.

भाचीच्या पत्रातही घरमालक मि. स्मिथ यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची विचारपूस आधी यायची आणि हीटर शंभराव्या शब्दाला. आम्ही विचारपूस काढली. पत्र एकदम धारदार झालं. सात दिवस हीटर बंद, बाहेर बर्फ, रात्री अंगावर दोन-दोन कोट, सर्दीनं रजा, आणि दोनदा सांगूनही कुणी फिरकलेलं नाही. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली की शब्द पडद्यावर आपोआप मोजले जातात. सरावाला वहीत लिहिलं, म्हणून मी बोटानं मोजले. १७२. मला तर ७ बँड नक्की वाटले.

वही टेबलावर उघडीच राहिली आणि ताईनं वाचली. तिचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, म्हणजे पक्कं. संध्याकाळी ती गंभीर चेहऱ्यानं आली.

“इतक्या थंडीत पोरीचा हीटर बंद, आणि तो स्मिथ फिरकत नाही?”

“अगं आई, परीक्षेतला प्रश्न आहे. खोटं आहे ते सगळं.”

“खोटं कसं असेल? प्रश्न काढणाऱ्याला सुचलं, म्हणजे कुणाचा तरी बंद पडलाच असणार,” ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “आणि तू रे, एवढ्या साहेबांना पत्रं लिहिलीस जन्मभर, हिच्या पत्रात ‘अन्यथा भाडे देण्यात येणार नाही’ एवढं नाही घालता आलं?”