नाव कंपन्यांचं, दिवाळं शहराचं

अमेरिकेत एखादा पुढारी ‘डेट्रॉइट’ म्हणाला, तर तो शहराबद्दलच बोलतोय असं समजू नका. बहुतेक वेळा त्याच्या मनात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर असतात. यांतली फोर्ड बसते शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये आणि क्रायस्लर उत्तरेला ऑबर्न हिल्समध्ये. दोन्ही गावं डेट्रॉइटच्या हद्दीबाहेर. १७०१ मध्ये फ्रेंचांनी दोन सरोवरांमधल्या अरुंद पाण्यावरून ठेवलेलं हे नाव गाड्यांच्या धंद्याने उचललं आणि शहराला त्याच्या मालकीतून हळूहळू बाहेर काढलं.

मला याचा राग येतो, कारण या गल्लतीत माणसं भरडली गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिपब्लिकन पक्षाचे नेते मिट रॉम्नी यांचा लेख आला. डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या, असा मथळा. विषय अर्थात कंपन्यांचा. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या खऱ्या, पण सरकारने अब्जावधी डॉलर ओतून त्यांना उभं केलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, अध्यक्ष ओबामांनी सांगितलं की आम्ही डेट्रॉइटचं दिवाळं निघू दिलं नाही. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात दाखल केला.

देणी होती सुमारे १८ अब्ज डॉलरची. कंपन्यांसाठी उघडलेली तिजोरी शहरासाठी तशी उघडली नाही. पालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं, महागाईप्रमाणे मिळणारी वाढ बंद केली. पोलीस आणि अग्निशमन दलातल्यांचं मूळ पेन्शन वाचलं, वाढ मात्र त्यांचीही घटली. २०१४ मध्ये बिल थकलं म्हणून हजारो घरांचं पाणी तोडलं. ऐपत नसलेल्या माणसाचं पाणी तोडणं हा मानवी हक्कांचा भंग आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना बजावावं लागलं. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकांचं असलेलं हे शहर २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. गोरे उपनगरांत गेले, कारखाने गेले, त्यांच्याबरोबर करही गेला. मागे राहिलेल्या, बहुतांश काळ्या वस्तीच्या वाट्याला तेवढेच लांब रस्ते आणि तेवढेच नळ आले.

डेट्रॉइटच्या पोटात हायलंड पार्क नावाचं छोटं वेगळं शहर आहे. फोर्डने १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन सुरू केली ती इथे. जगभरच्या कारखान्यांनी जी पद्धत उचलली, तिचं हे जन्मगाव. २०११ मध्ये याच गावाला रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल भरता येईना. वीज कंपनीने नुसते दिवे बंद केले नाहीत, तर हजाराहून जास्त दिवे काढून नेले, खांब उपटले. गल्ल्याच्या गल्ल्या अंधारात गेल्या.

आणि आपल्याकडे? पिंपरी-चिंचवड-चाकणला ‘भारताचं डेट्रॉइट’ म्हणताना मंचावरच्यांची छाती फुगते. चेन्नईही हाच किताब मिरवते. अहो, पण यातलं कुठलं डेट्रॉइट म्हणता? कंपन्यांचं की रहिवाशांचं? चाकणच्या तळेगाव चौकात रोज तासन्‌तास अडकणाऱ्या कामगाराला गाड्यांच्या उत्पादनाचे आकडे ऐकवून त्याचा रस्ता मोकळा होत नाही. त्याला रस्ता हवा, पाणी हवं, परवडेल असं घर हवं. कारखाना इथे आहे तोवर त्याच्या उत्पन्नातून हे उभं राहणार नसेल, तर कारखाना गेल्यावर कुठून राहणार?

कारखाने जातात, हे मावळाला कुणी शिकवायला नको. तळेगावला जनरल मोटर्सचा, म्हणजे थेट डेट्रॉइटच्याच कंपनीचा, कारखाना होता. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. कामगार पुढे कित्येक महिने हक्कासाठी कोर्टात आणि रस्त्यावर भांडत राहिले. कारखाना आता ह्युंदाईकडे गेला आहे. ‘भारताचं डेट्रॉइट’ हे शब्द ज्यांना पुन्हा भाषणात वापरायचे असतील, त्यांनी ते भाषण आधी या कामगारांसमोर करून दाखवावं.