लक्ष असू द्या

सवयी मोडण्याचं शास्त्र वाचायला बसताना हाताशी चिवड्याचा डबा ठेवू नये. सवयी मेंदूच्या पोटात खोल दडलेल्या बेसल गँग्लियात मुरतात, एवढं कळेपर्यंत डब्यात तळाचं तिखटमीठ उरतं.

यावर माझा इलाज नाही, असं म्हणायला मला आता अमेरिकेतल्या उंदरांचा आधार आहे. एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल बाईंनी उंदरांना टी आकाराच्या बोळात सोडलं आणि टोकाला चॉकलेट ठेवलं. उंदीर नवखे होते तोवर त्यांच्या मेंदूच्या त्या भागातल्या पेशी वाटभर गजबजलेल्या असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा जाग्या होत, मधे सामसूम. अगदी हेच माझं होतं. झाकण उघडलेलं आठवतं, बोटांना तळ लागलेला आठवतो. मधला चिवडा कोणी खाल्ला, हा आमच्या घरात अजून वादाचा विषय आहे.

पुढच्या एका प्रयोगात उंदरांना बक्षिसाचं चॉकलेटचं दूध प्यायल्यावर मळमळेल अशी सोय केली. तरी सवय जडलेले उंदीर इमानेइतबारे तिकडेच पळाले. हसू नका. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिनेमागृहातल्या काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न दिले आणि काहींना आठवडाभराचे शिळे. पॉपकॉर्नची जुनी सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच फस्त केले. चव आवडली नाही म्हणाले, पण ते नंतर. त्यांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हा मात्र सवयीची साखळी तुटली. हा उपाय तिकडे सोपा असेल. आमच्याकडे माझा डावा हात चिवड्याकडे जाताच आत्याने डबाच उचलून नेला. सवय त्या संध्याकाळपुरती मोडली हे खरं, पण ती विज्ञानाने नव्हे, सोवळ्याने.

आता कुणी म्हणेल, मनाचा निश्चय करावा. निश्चयाचं खातं कपाळामागे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये आहे. हे खातं असं, की झोप अपुरी झाली किंवा साहेब ओरडले की सगळ्यांत आधी तेच टेबल सोडून उठतं. म्हणजे ज्या घडीला आपल्याला तल्लफ येते, नेमक्या त्याच घडीला तिथे खुर्चीवर नुसता रुमाल टाकलेला.

म्हणून जडसन ब्रूअर या मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं मला फार पटलं. ते म्हणतात, स्वतःला आवरू नका, नीट बघा. येलमध्ये असताना त्यांनी सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना सांगितलं, की ओढायची तर ओढा, पण लक्ष देऊन ओढा. एका बाईंना लक्ष दिल्यावर कळलं, की सिगारेटला कुजकट चीजचा वास येतो आणि चव रसायनाची आहे. इतकी वर्षं ओढून हे आत्ता कळलं! 2011 साली त्यांचे आकडे छापून आले. सतरा आठवड्यांनंतर लक्ष द्यायला शिकलेल्यांपैकी 31 टक्के लोक सिगारेटपासून लांब होते, नेहमीच्या वर्गाला गेलेल्यांपैकी 6 टक्के. मर्म असं, की डोळ्यांच्या खोबणीच्या वर ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग प्रत्येक सुखाचा भाव ठरवून ठेवतो. सिगारेटचा भाव कॉलेजच्या गॅलरीत ठरलेला असतो आणि मग कुणी तो तपासून बघत नाही. लक्ष दिलं की नवा भाव लागतो.

मी चिवड्याचा भाव लावायला बसले. असंच लक्ष द्यायला शिकवणाऱ्या जॉन कबात-झिन यांच्या वर्गात म्हणे एकच मनुका हातात देतात. तो बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. आमच्या चिवड्यात मनुके आयतेच होते. पुढे खोबऱ्याचा काप आला, कुरकुरीत कढीपत्ता आला, डाळं आलं. डोळे मिटून इतक्या भक्तिभावाने मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. भाव कडाडला! सिगारेटचं ठीक आहे, ती मुळातच वाईट. चिवड्याचं काय करायचं, याबद्दल संशोधकांनी विचार केलेला दिसत नाही.

तिसऱ्या मुठीला मात्र सगळं नुसतं मीठ आणि तेल लागलं. जबडा चालू होता, खाणारी कधीच उठून गेली होती. एवढं दिसल्यावर हात आपोआप थांबला, कुणी ‘पुरे’ न म्हणता. मग विकतचं पाकीट फोडलं, तर पहिल्याच घासाला खवट तेल लागलं. घरात पाकिटं येणं बंद झालं आणि माझी जीभ सुटली. शेजारी हळदीकुंकवाला गेले असताना मी त्यांच्या चिवड्यातले शेंगदाणे जरा जास्त तळले गेल्याचं सांगितलं. बाहेर पडताना मुलगा म्हणाला, “आई, तू लक्ष न देता खायचीस तेच बरं होतं.”

हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं. ती गोएंका गुरुजींच्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौनात राहून आलेली आहे. परत आल्यावर तिने थकबाकी व्याजासकट बोलून फेडली, ते सोडा.

“यात नवीन काय?” ती म्हणाली. “तिथे नाकाला खाज यायची. खाजवायचं नाही, बघत बसायचं. वाढते, वाढते आणि जाते. तल्लफही तशीच.”

“मग आत्या, सुपारीची तल्लफ येते तेव्हा तू नुसती बघत का नाहीस?”

अडकित्ता कट्‌कन वाजला.

“बघते की. बघते, आणि मग खाते.”