चंद्रोदय, स्थानिक वेळेनुसार

निवृत्त माणसाला थंडी जास्त वाजते, असं आमच्या सूनबाईंचं निरीक्षण आहे. कॅलगरीत पारा उणे पंचवीसवर गेला तरी मुलगा-सून कामावर जातात, नातवंडं बर्फात लोळतात; आम्ही दोघं मात्र हीटरपाशी बसून एकमेकांच्या चुका काढतो. शेवटी तिथल्या बऱ्याच पेन्शनरांप्रमाणे आम्हालाही हिवाळ्यापुरतं मेक्सिकोला धाडायचं ठरलं. "तिथे काही करायचं नाही, फक्त आराम करायचा," असं बजावून मुलानं आम्हाला विमानात बसवलं. जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला यापेक्षा अवघड काम सांगता येणार नाही.

बुसेरियास हे पॅसिफिकच्या काठावरचं, बांदेरास उपसागराच्या कुशीतलं गाव. राज्य नायारित. विमानतळ मात्र पुएर्तो वायार्ताला, म्हणजे नदीपलीकडे, हालिस्को राज्यात. पूर्वी ही नदी ओलांडली की घड्याळ तासभर पुढे जायचं. पाहुणे मंडळी इथल्या वेळेनं आरामात निघायची आणि विमान तिथल्या वेळेनं उडून गेलेलं असायचं. अखेर २०१० साली या तालुक्यानं आपलं घड्याळच वायार्ताशी जुळवून घेतलं. पाहुण्यांसाठी एवढी सोय केल्यावर गावकऱ्यांनी स्वतः घड्याळाकडे पुन्हा फारसं पाहिलेलं दिसत नाही.

इथला दिवस कानानं मोजायचा. पहिला मान कोंबड्याचा. पहाट कधी होते याबद्दल त्याची स्वतंत्र मतं आहेत आणि तो ती रात्री तीनपासून मांडतो. मग गच्च्यांवरची कुत्री त्याला उत्तर देतात. मग पाणीवाल्याची आरोळी. नळाचं पाणी कोणी पीत नाही, तेव्हा वीस लिटरचा बाटला घ्यायचा तर आरोळी ऐकताक्षणी उंबऱ्यात उभं राहायचं. गॅसचा ट्रक आपलं गाणं वाजवत येतो. सुऱ्यांना धार लावणारा नळ्यांची छोटी बासरी फुंकत जातो. यांतला कुणी किती वाजता येईल हे विचारायचं नसतं. येतो तेव्हा येतो. त्यामुळे आराम करायला आलेला मी दिवसभर कान टवकारून घरात, आणि "तुम्ही आहातच ना घरी" म्हणून बायको समुद्रावर, अशी कामाची वाटणी झाली आहे.

वरच्या मजल्यावरचे कॅनेडियन गृहस्थ आराम शिस्तीत करतात. सातला योग, नऊला पिकलबॉल, अकराला स्पॅनिशचा वर्ग, चारला देवमासे. डिसेंबर ते मार्च या उपसागरात हंपबॅक देवमासे येतात. उत्तरेकडचं गार पाणी सोडून इथे पिल्लांना जन्म द्यायचा, दिवसभर उबदार पाण्यात पडून राहायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जायचं. त्यांनाही बहुधा सुनेनंच पाठवलं असावं.

वायार्ताच्या किनाऱ्यावर भलामोठा भोपळा घेऊन 'तुबा' विकणारे फिरतात. चाखून बघितली, तर माडाची गोड नीरा! मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं १५६५ ते १८१५ पर्यंत ये-जा करत होती. त्यांच्याबरोबर आलेल्या फिलिपिनो लोकांनी ही विद्या इथे रुजवली. इथवर सगळं ठीक. पण विकणारा पेल्यात वरून सफरचंदाचे तुकडे घालतो. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. नीरेत सफरचंद घालणाऱ्याला आजोबांनी अंगणातून बाहेर काढलं असतं.

अशात संकष्टी आली. परदेशात उपासाचं कसं होणार, या चिंतेनं हिनं पिशवी घेऊन बाजार गाठला. तिथे बटाटे होते, रताळी होती, शेंगदाणे होते, हिरव्या मिरच्यांचे ढीग होते. एका टोपलीत चक्क राजगिऱ्याच्या वड्या होत्या. मी संधी साधून सांगितलं, की बाई गं, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही इकडचाच. पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे उपासाला यांतलं काहीच नव्हतं. ॲझ्टेक लोक तर राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवून प्रसाद म्हणून वाटून खात, आणि ते स्पॅनिश पाद्र्यांना मुळीच खपलं नव्हतं. ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे उपासाला चालतं हे त्यांना आधीच ठाऊक होतं." आणि वड्या दुप्पट घेतल्या.

खरा पेच संध्याकाळचा. आपण भारताच्या साडेअकरा तास मागे. कालनिर्णयातला मुंबईचा रात्री सव्वानऊचा चंद्रोदय धरला, तर उपास इथल्या सकाळी पावणेदहालाच सुटत होता. हा तोडगा मी सुचवून पाहिला; तो धर्माला बसतो की नाही माहीत नाही, हिला बसला नाही. "चंद्र इथला धरायचा," असा निकाल लागला. इथला चंद्र पूर्वेच्या डोंगरामागून येतो.

रात्री आम्ही गच्चीवर. घरमालकीणबाई खुर्ची घेऊन आल्या. जेवण कधी, असं त्यांनी खुणेनं विचारलं. हिनं आभाळाकडे बोट दाखवलं. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही; जेवणाची वेळ सांगायची ही त्यांना पटणारीच पद्धत होती. अस्वस्थ झाले ते फक्त कॅनेडियन. त्यांनी फोन काढला आणि जाहीर केलं, की ॲपप्रमाणे चंद्र उगवून पंचवीस मिनिटं झाली, आता जेवायला हरकत नाही. मी आशेनं हिच्याकडे पाहिलं.

ही डोंगरावरची नजर न काढता म्हणाली, "त्यांना सांगा, उपास ॲपनं नाही केलेला."