मोरीला बोळा

घरगुती काटकसर ही महागाईच्या काळात सुरू होणारी प्रक्रिया असून तिचा आरंभ नेहमी स्वयंपाकघरातून होतो. रुपया घसरला, कांदा चढला किंवा ओळखीतल्या कोणाची नोकरी गेली, की घरातला कर्ता पुरुष रात्रीच्या जेवणाला 'आता जरा हात आखडता घ्यायला हवा' असे जाहीर करतो. ही घोषणा बहुधा दुसऱ्यांदा आमटी वाढून घेताना होते. घोषणा करणाऱ्याला साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो हे ठाऊक नसले तरी चालते. अंमलबजावणी दुसऱ्याच व्यक्तीकडे असते आणि ती व्यक्ती ही काटकसर गेली कित्येक वर्षे, कोणी न सांगता, करतच असते.

पहिला बळी स्वयंपाकाचा गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो आणि तो पुरवण्याचे खात्रीचे उपाय आहेत. कडधान्ये रात्री भिजत घालावीत, पातेल्यावर झाकण ठेवावे, फ्रिजमधले दूध काढल्या काढल्या शेगडीवर चढवू नये. उकळी फुटल्यावर आच बारीक करावी, कारण उकळणारे पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही, नुसते आटते. प्रेशर कुकरच्या बाबतीत मात्र शास्त्र आणि परंपरा यांचे जमत नाही. शिट्टी म्हणजे कुकरने बाहेर टाकलेली जादा वाफ. दाब धरल्यावर आच मंद केली तर वरणभात एकाही शिट्टीशिवाय शिजतो. पण शिट्टी न ऐकता पानात आलेला भात घरातल्या ज्येष्ठांना कच्चाच लागतो, आणि 'तीन झाल्या का चार?' या प्रश्नावर दोन खोल्यांमधून जी चर्चा होते तेवढ्या वेळात पाचवी होऊन जाते. ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नर साफ करून घ्यावा, हा उपाय सर्वांना मान्य आहे. तो येत्या रविवारी करायचा असतो.

विजेची बचत हे पुरुषांचे क्षेत्र, कारण त्यात बटण असते. इथे थोडे गणित लागते. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. त्या हिशेबाने ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला १११ तास घेतो, तर २००० वॅटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात उरकतो. संडासातला दिवा चालू राहिला म्हणून मुलाला झापणारा गृहस्थ पंचवीस लिटरचा गीझर लावून आधी पेपर वाचतो, मग दाढी करतो. तेवढ्या विजेत तो दिवा सलग साडेचार दिवस जळला असता. मुलाने हे सांगू नये. छताचा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. दिवसभर चालणारे पंखे बदलले तर बिलात फरक दिसतो. मात्र त्यासाठी आधी पैसे घालावे लागतात आणि काटकसरीसाठी पैसे खर्च करण्याची कल्पना अनेक घरांत चारित्र्याला बाधक समजली जाते.

महावितरणच्या बिलाविषयी एक समज इतका पक्का आहे की तो मोडण्याचा प्रयत्न बहुतेकांनी सोडून दिला आहे. शंभरावर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असा तो समज. प्रत्यक्षात चढा दर वरच्या युनिटांनाच लागतो. तरीही महिनाअखेरीस मीटरपाशी टॉर्च घेऊन उभे राहणारे लोक दिसतात. खरे दुःख बिलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. यातला स्थिर आकार घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेले तरी द्यावाच लागतो.

किराणा मालात काटकसर ग्राहकाआधी कंपन्यांनी सुरू केली. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांनाच ठेवायचा आणि आतून बारीक करत न्यायचा, ही पद्धत ग्राहकाच्या भावना न दुखावता त्याला उपाशी ठेवते. तेलाचेही तसेच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, पण शेजारी त्याच उंचीच्या, त्याच रंगाच्या पिशवीत ८५० किंवा ८०० ग्रॅम असू शकते आणि ती 'स्वस्त' दिसते. यावर उपाय एकच: पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापलेला असतो तो वाचावा. तो वाचता यावा म्हणून चष्मा नेण्याची काळजी घ्यावी. सामानाची यादी घरून करून न्यावी, आणि भुकेल्या पोटी दुकानात जाऊ नये. मोठ्या दुकानात दोनवर एक फुकट मिळते म्हणून रिक्षाने जाऊन हँडवॉशच्या सहा बाटल्या आणणारी कुटुंबे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गूळ दोन रुपये महाग असल्याची तक्रार करतात. नोकरी गेल्यावर उधारीची वही तोच वाणी उघडतो, हा तपशील त्या हिशेबात धरत नाहीत.

जुन्यातून नवे काढण्याची खरी विद्या बोहारणीकडे असते आणि अर्थशास्त्राच्या कुठल्याही वर्गात ती शिकवली जात नाही. दुपारी तीनच्या सुमारास, घर झोपेत असताना, ती भांड्यांची टोपली दारात उतरवते. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलची भांडी द्यायची, एवढाच व्यवहार. पण त्याला तास लागतो. ती पॅन्ट उजेडाकडे धरते, बुडाशी विरली आहे का पाहते, चेन दोनदा वरखाली करते. साडीचे काठ बोटांत चुरडते. जरीचा संशय आला तर चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. 'एवढ्यात पातेलं नाही बसत ताई, अजून एक पॅन्ट टाका.' ताई आत जाते. कपाटाच्या तळाशी एक पॅन्ट असते, बारीक झाल्यावर घालायची म्हणून नवऱ्याने अकरा वर्षे जपलेली. ती बाहेर येते. पातेले हातात पडते, त्याचे झाकण किंचित सैल असते, पण तोवर बोहारीण जिना उतरलेली असते. कपडे पुढे जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात, धुऊन-शिवून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढतात. महागाईत चालणाऱ्या सगळ्या घरगुती व्यवहारांत, दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटते असा हा एकच असावा. नवऱ्याला बातमी दिवाळीच्या आवराआवरीत लागते.

रद्दीचा व्यवहार याच जातीचा, पण अधिक कोरडा. तागडी रद्दीवाल्याची, वजने रद्दीवाल्याची आणि भाव त्याने आजच ऐकलेला. काटकसरीवरचे लेख छापलेली पानेही त्यात त्याच भावाने जातात.

अशा रीतीने वाचलेला पैसा डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत किंवा देवाच्या फोटोमागे ठेवण्याची रीत होती. त्याला व्याज नव्हते, पण नवऱ्याला पत्ताही नव्हता आणि हाच मुख्य परतावा होता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि घरोघरच्या डब्यांना बोलावे लागले. काळा पैसा किती निघाला यावर अजून वाद आहे, बायकांचा मात्र बराच निघाला. त्यानंतर भिशीला बरे दिवस आले. बाराजणींनी महिन्याला दोन-दोन हजार घालायचे आणि चिठ्ठी निघेल तिने चोवीस हजार उचलायचे. पोस्टातले आवर्ती खाते यापेक्षा फायद्याचे, कारण ते व्याज देते. पण पोस्टात साबुदाणा वडा मिळत नाही.

सोन्याबद्दल थोडक्यात. ते गुंतवणूक म्हणून घेतात आणि मोडायचे नाही म्हणून ठेवतात. घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, विकताना घट धरली जाते. १९६३ साली मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला मनाई केली. सोनार देशोधडीला लागले आणि लग्ने होत राहिली.

सरकारेही वेळोवेळी काटकसर शिकवतात. १९६५ च्या युद्धकाळात लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडण्याचे आवाहन केले. सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या घरी करून पाहिल्यामुळे लोकांनी ते ऐकले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला आणि महाराष्ट्राने तांबड्या जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हा मुंबईतल्या बायकांनी मात्र पातेल्यावर झाकण ठेवण्यावर समाधान मानले नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने त्या लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि भाव का चढले हा प्रश्न मंत्र्यांना विचारू लागल्या. लाटण्याचा हा उपयोग बचतीच्या आजच्या सल्ल्यांत आढळत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरीपार गेला असता अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत आपण कांदा-लसूण फारसा खात नाही असे सांगितले. न खाणे हा काटकसरीचा सर्वांत जुना उपाय आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. त्याआधी सप्टेंबरातच कांद्याची निर्यात बंद झालेली होती. त्यामुळे भाव उतरला तर वाचलेले चार पैसे शहरातल्या गृहिणीच्या डब्यात जातात आणि नाशिककडच्या शेतकऱ्याच्या खिशातून.

एव्हाना घरातला प्रत्येक चमचा मोजून झालेला असतो. राहतात ते हप्ते, आणि त्यांच्याबद्दल जेवताना कोणी बोलत नाही. काटकसरीत रक्कम जितकी लहान तितकी चर्चा लांबते: कोथिंबिरीच्या जुडीवर दहा मिनिटे घासाघीस होते आणि कर्जाच्या कागदांवर सह्या जिथे फुली मारली असेल तिथे होतात. शून्य टक्के व्याजाच्या योजना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बंद करायला लावल्या. मग त्याच 'नो कॉस्ट' नावाने परत आल्या. व्याजाएवढी सूट दाखवून किंमत जुळवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकच भरतो. रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत हातची जाते ती वेगळीच. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला तीन-साडेतीन टक्के पडतात, म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस. गावचा सावकार याहून संकोची असे.

सर्वांत मोठा हप्ता घराचा. पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिना सुमारे ४३,४०० रुपये जातात आणि शेवटी व्याजच चोपन्न लाख होते. व्याजदर वाढले की हप्ता तोच ठेवून मुदत लांबवण्याची बँकांची पद्धत आहे. त्यामुळे कर्जदाराला काही जाणवत नाही आणि निवृत्तीनंतरही हप्ते उरतात. २०२३ पासून अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. दुसरी गोष्ट, नव्या ग्राहकाला जो दर मिळतो तो जुन्याला आपणहून मिळतोच असे नाही. तो मागावा लागतो. दर अर्धा टक्का उतरला तर वरच्या कर्जावर वर्षाला १८,८०० रुपयांच्या आसपास वाचतात. सिलिंडर हजार रुपयांचा धरला आणि वर्षाला दहा लागले, तर घरात वर्षभर चूलच पेटवली नाही तरी एवढी बचत होत नाही.

त्यासाठी बँकेला एक अर्ज करावा लागतो. तो एका पानाचा असतो. रूपांतर शुल्क किती हे सही करण्याआधी विचारून घ्यावे, आणि शक्यतो घरात पातेल्यावर झाकण जी ठेवते तिलाच सोबत न्यावे.