सोळाव्या भागाला सुटका

सक्करदऱ्यातली एखादी पोट्टी रात्री दोन वाजता मोबाइलवर कोरियन मालिका पाहत उशी भिजवत असते, तेव्हा आतल्या खोलीतून हमखास विचारणा होते, ‘काहून रडून राहिली वं?’ विचारणारी माउली स्वतः संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिकांपुढे डोळे पुसून झोपलेली असते. पण आपलं रडणं घरचं आणि लेकीचं परदेशी, असा तिचा पक्का समज. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कोरियन प्रेममालिका परकी नाहीच. विदर्भ ज्या शिस्तीने रडत आला, ती शिस्त आज तिच्याकडे आहे; आपल्या मालिकांनी ती केव्हाच सोडली. रडवणाऱ्या गोष्टीचा पहिला धर्म असा, की तिने संपलं पाहिजे.

सक्करदऱ्याहून उमरेड रोडनं निघालं, की भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा लागतं. झाडीपट्टीच्या नाटकांची ही राजधानी. दिवाळीनंतर तिथली मंडळं गावोगाव मांडव टाकतात. बहिणीची ताटातूट, सासरचा छळ, उपऱ्या नवऱ्याचा पश्चात्ताप असा सगळा ऐवज रात्रभर चालतो आणि पहाटे पडदा पडतो. रडून मोकळा झालेला प्रेक्षक सकाळी धानाच्या बांधावर हजर. इकडे नागपूरच्या उत्तरेला सावनेर. राम गणेश गडकरी तिथे 23 जानेवारी 1919 रोजी गेले, आणि त्याच वर्षी त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. सिंधूच्या हालांनी महाराष्ट्र ढसाढसा रडला, पण गडकऱ्यांनी हे हाल पाच अंकांत आटोपले. ‘सुधाकर सुधारतो की नाही, पाहा उद्या रात्री याच वेळी’ म्हणत त्यांनी तळीरामाला अकरा वर्षं बाटली धरून उभं केलं नाही.

अकरा वर्षं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये संपली. भाग तीन हजारांहून जास्त. नावातच चार दिवसांचा वायदा असलेली वस्तू इतकी लांबावी, हे आपल्या सरकारी कामांनाही साधलेलं नाही. त्यासमोर कोरियाचा हिशेब पाहा. 2002 च्या ‘विंटर सोनाटा’चे भाग वीस. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ 14 डिसेंबर 2019 ला सुरू झाली, 16 फेब्रुवारी 2020 ला मिटली, भाग सोळा. 2024 ची ‘क्वीन ऑफ टियर्स’, नावातच अश्रूंची राणी, तिचेही सोळाच. या शेवटच्या दोन्ही मालिका पार्क जी-उन या एकाच लेखिकेच्या. शेवट कुठे आहे हे ठाऊक असलं, की लेखकाला दुःखाचं अंदाजपत्रक मांडता येतं. आपल्याकडे तो पुढच्या सोमवारपुरतं उसनं आणतो.

आक्षेप येतो, की कोरियन मालिकांत योगायोगांचा कहर असतो. असतो. ‘विंटर सोनाटा’च्या नायकाची स्मृती एका अपघातात जाते आणि दुसऱ्या अपघातात परत येते. मेडिकलच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, दुसऱ्या अपघाताने सहसा फक्त प्लास्टर वाढतं. ‘क्रॅश लँडिंग’ची नायिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून थेट उत्तर कोरियात, एका देखण्या कप्तानाच्या अंगावर पडते. पण योगायोगाने गोष्ट सुरू व्हायला हरकत नाही. योगायोगाने ती सुटली तर फसवणूक. इथे ती सुटत नाही. प्रेम कितीही खरं असलं तरी दोन कोरियांमधली सीमा हटत नाही, आणि शेवटी दोघांच्या वाट्याला वर्षाकाठी दोनच आठवडे येतात, तेही स्वित्झर्लंडमध्ये. उलट जी मालिका संपायचीच नाही, तिला कुठलाच परिणाम परवडत नाही. मेलेला नवरा नवा चेहरा लावून परततो, तुरुंगातली जाऊ गणपतीला घरी येते, आणि पाहणाऱ्याला कळून चुकतं की इथे काहीच कायमचं घडत नसल्याने रडणंही वाया आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. दिवसभर राबून एकटी बसलेल्या बाईला रोजची मालिका सोबत देते. सोबतीला मुदत कशाला? हे मला मान्य आहे. कोरियातही रोज दाखवल्या जाणाऱ्या, शंभरावर भागांच्या कौटुंबिक मालिका आहेतच, आणि त्यांतल्या सासवाही काही कमी नाहीत. पण त्या बहुधा वर्षभरात गाशा गुंडाळतात आणि दुसऱ्या कुटुंबाला जागा देतात. सोबत हवी तर माणसं बदलती असावीत. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार दर आठवड्याला भरतो म्हणून काही त्याच वांग्यांची टोपली वर्षभर मांडून ठेवत नाहीत. शिवाय सोबतीच्या नावाखाली सुनेचा तोच छळ दहा वर्षं पाहिला, तर करुणा वाढत नाही, सवय होते. आणि दुसऱ्याच्या दुःखाची सवय होणं हे रडवणाऱ्या कलेचं सपशेल अपयश.

राहिला वेळेचा मुद्दा. सोळा भाग म्हणजे काही थोडे नव्हेत. एकेक भाग तासाहून मोठा, आणि पोट्टे शनिवार-रविवारी सगळेच एका बैठकीत उरकतात. हा दोष मात्र पाहणाऱ्याचा. निदान सोमवारी सकाळी त्याच्याकडे एक संपलेली गोष्ट तरी असते. तेव्हा माउलींनी लेकीला दटावण्याऐवजी आपल्या वाहिनीला एक पोस्टकार्ड टाकावं: छळ करा, ताटातूट करा, हवी तर स्मृतीही घालवा, पण शेवटची तारीख आधी सांगा. चार दिवस म्हटले की चारच दिवस. सासू सुटेल, सून सुटेल आणि आपणही.