धुऱ्यावरची वरात

लोहाऱ्याला समुद्र नाही. सरळ रेषेत मोजलं तरी अरबी समुद्र तीनशे किलोमीटरच्या पलीकडं, आणि सरळ रेषेत जाणारी एस.टी. अजून सुटलेली नाही. तरीही आमच्या फिरणाऱ्या मंडळींत कुणी ‘चला, किनाऱ्यावर जाऊ’ म्हटलं की कुणी हसत नाही. मोटारसायकलींना किक बसते आणि वरात माकणीला निघते. माकणीला तेरणेवर धरण आहे, सरकारदरबारी त्याचं नाव निम्न तेरणा प्रकल्प. पाऊस बरा झाला असेल तर पलीकडचा काठ धूसर दिसेल इतकं पाणी. झाला नसेल तर भेगाळलेल्या गाळात उभं राहून ‘पाणी हितवर असतंय’ असं पाहुण्यांना दाखवायची सोय. किनारा दोन्ही वर्षी असतो. किनाऱ्याला पाणी लागतंच असं नाही, ही मराठवाड्याची भूगोलाला देणगी आहे.

हे किनाऱ्याचं खूळ आणलं गुरुजींनी. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, मुलगा इंग्लंडात. मुलगा तिकडून फोटो पाठवतो. हिरवेगार कडे, खाली समुद्र, पाठीला पिशव्या लावलेली दहाबारा माणसं, आणि त्यांच्यासोबत माणसांपेक्षा नीट आंघोळ केलेली कुत्री. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत समुद्राकाठानं 630 मैलांची पायवाट आहे, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. लोक तुकड्या-तुकड्यांनी ती चालतात. गुरुजींनी हे टपरीवर वाचून दाखवल्यावर आमच्या टेलरनं विचारलं, “एवढं चालून पोचतेत कुठं?”

“समुद्राकाठी.”

“अन् निघतेत कुठून?”

“समुद्राकाठूनच.”

टेलरनं बिडी विझवली. मग त्याचं लक्ष फोटोतल्या एका साहेबाच्या हातातल्या काळ्या पिशवीकडं गेलं. गुरुजींनी घसा खाकरून त्या पिशवीचा उपयोग सांगितला. टपरीवर जरा वेळ कुणीच बोललं नाही. “म्हंजे कुत्रं पुढं, अन् साहेब मागं पिशवी घेऊन?” टेलर म्हणाला, “मग मालक कोण झाला?”

आमच्या टोळीत मालक हा प्रकारच नाही. टोळी म्हणजे गुरुजी, टेलर, किराणावाले शेटजी, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले भाऊसाहेब आणि मी. सगळ्यांना डॉक्टरनं चालायला सांगितलंय. कुणाला साखरेसाठी, कुणाला गुडघ्यासाठी, आणि टेलरला काहीच झालेलं नाही म्हणून तो सोबतीला. दिवसाला दहा हजार पावलं हवीत असं शेटजींच्या मनगटावरचं घड्याळ सांगतं. गुरुजींनी त्याचं मूळ शोधून काढलं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. डॉक्टरांनी नाही, विकणाऱ्यांनी काढलेला. हे ऐकून शेटजींना इतकं हलकं वाटलं, की साखर दहा-वीसनं तिथंच उतरली असावी. “मग ती एमआरपी झाली की,” ते म्हणाले, “त्याच्यात कमी-जास्त करता येतंय.” तेव्हापासून ते सहा हजारांवर सौदा तोडतात.

कुत्र्यांचं तसं नाही. ती पावलं मोजत नाहीत आणि कुणी बोलावलं म्हणून येतही नाहीत. मॅनेजर हा पिवळसर, एका कानाचा तुकडा गेलेला कुत्रा बँकेच्या दाराशी बसलेला असतो, म्हणून मॅनेजर. बँकेत साहेब बदलतात, हा बदलत नाही. टायगर मांजराला भितो. तिसरी एक काळी कुत्री आहे, तिला नाव द्यायचं प्रत्येकानं ठरवलं आणि प्रत्येकाचं वेगळं ठरलं, म्हणून ती कशालाच ओ देत नाही. पहाटे आम्ही टपरीवर पहिला चहा घेतो, तेव्हा ही मंडळी टोस्टाच्या तुकड्यावर आमच्याबरोबर निघतात. गावाबाहेर पडताना एका ठरावीक लिंबाच्या झाडापाशी टायगर थांबतो. पुढं दुसऱ्या कुत्र्यांचं राज्य. तो शेपूट हलवून निरोप देतो, पुढून दुसरी दोघं येऊन आम्हाला ताब्यात घेतात. भाऊसाहेबांची सगळी नोकरी मोजणीच्या नकाशांत गेली. त्यांचं स्पष्ट मत आहे, की कुत्र्यांच्या हद्दी पक्क्या आहेत, आपल्याच तेवढ्या वादात आहेत.

हद्दीचा विषय निघाला की भाऊसाहेबांना आवरावं लागतं. आम्हाला समोर दिसतो तो धुरा. त्यावर गवत, एखादी बोर, खाली हरभरा. त्यांना दिसतं ते कलम. “हा महसूल अधिनियमाचं 143,” ते काठी रोखून सांगतात, “अन् तो काट्या टाकून अडवलाय, तो 1906 चा मामलतदार कोर्ट कायदा.” प्रत्येक धुऱ्याची त्यांना दोन पिढ्यांची भांडणं पाठ आहेत. एकदा त्यांनी एका बांधावर उभं राहून चुलत भावांच्या दाव्याची हकिकत इतकी रंगवली, की शेतातून त्यातलाच एक भाऊ उठून आला आणि तारीख दुरुस्त करून गेला. जाताना हरभऱ्याचे डहाळे देऊन गेला.

इंग्लंडात म्हणे मोकळ्या माळावरून चालायच्या हक्कासाठी 24 एप्रिल 1932 ला शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढले, राखणदारांशी झटापट झाली, काहींना तुरुंगवास झाला. आमच्याकडं धुऱ्यावरून चालणाऱ्या परक्या माणसाला दुरून एकच हाक येते : “कुणाचे पाहुणे म्हणावं?” उत्तर पटलं तर पेरू मिळतो. न पटलं तर कुत्रं सुटतं. तुरुंगापर्यंत गोष्ट जात नाही. भावाभावांची मात्र जाते.

पावसाळ्यात आमचं चालणं म्हणजे जमीन नेणं. इथली काळी माती एकदा भिजली की चपलेला अशी धरते, की शंभर पावलांवर माणसाची उंची वाढते आणि दोनशेवर चप्पल मागं राहते. शेटजी म्हणतात, चिखलातलं एक पाऊल तीन धरायचं. कुत्री अशा दिवशी डांबरी सोडत नाहीत. अक्कल कुणाला जास्त, हे आषाढात कळतं.

सास्तूरकडं गेलो की रस्ते सरळ आणि रुंद लागतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. गावं पडली, हजारो माणसं गेली, आणि नंतर कितीतरी गावं नव्या जागी चौकोनी आखून बसवली. तिथं चालताना टेलर बिडी काढत नाही. अजूनही रात्री कुत्री एकदम रडायला लागली, तर म्हातारी माणसं उठून अंगणात येऊन बसतात. कुत्र्यांना दगड मारून हाकलायची भाषा तिथं कुणी करत नाही.

माकणीच्या काठावर बसलो की गुरुजींचा भूगोल सुटतो. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्र आम्हाला जवळ पडतो पश्चिमेचा, आणि पाणी आमचं जातं पूर्वेला. एवढ्यावर ते थांबत नाहीत. याच तेरणेच्या काठी वर तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं, आणि एका ग्रीक खलाशाच्या टिपणात नोंद आहे, की तगरचं कापड गाड्यांनी पार भडोचच्या बंदराला जात असे. “आपले लोक समुद्रापर्यंत चालत गेलेले हायत!” गुरुजी धरणाच्या भिंतीकडं हात करून म्हणतात.

“अन् त्या गाडीखाली कुत्रं असणार,” टेलर म्हणतो.

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, ही म्हण सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या चालण्याला ती उलटी लावावी लागते. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कुणाच्या शेताजवळून आवाज न करता जायचं, हे सगळं मॅनेजर ठरवतो. आम्हाला वाटतं, आपण त्याला फिरायला आणलंय.

खरा समुद्रही पाहिला. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आमच्या धाराशिव जिल्ह्यातूनच जातो. तो धरून, आंबा घाट उतरून आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. शेटजींनी पहिल्यांदा ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि “माल कच्चा हाय” असा शेरा दिला. आम्ही वाळूतून निघालो, तर कुठूनसं एक पिवळं कुत्रं येऊन पुढं चालायला लागलं, एका खडकापाशी थांबलं, आणि तिथून दुसऱ्यानं सूत्रं घेतली. ओळख नाही, पाळख नाही. टेलरचा समुद्रावर फारसा विश्वास बसला नाही, पण त्या कुत्र्यावर बसला.

आमच्याकडं कुत्र्याला देवाधर्मात जागा आहे, हेही सांगायला हवं. खंडोबाबरोबर कुत्रं असतं, त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. आणि आमचा इथला खंडोबा तर आमच्यापेक्षा शिस्तीनं चालतो. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत देवाची मूर्ती एकच. सव्वादहा महिने अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गात. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होऊन देव पालखीनं हलतो. भाऊसाहेब या कराराबद्दल हात जोडून बोलतात. ताबा, मुदत, हस्तांतर, सगळं लेखी, आणि वाद नाही. अख्ख्या नोकरीत असा कागद त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

पण आमचं खरं सामुदायिक चालणं होतं ते येळवशीला. वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत या दिवशी गावं रिकामी होतात. बाजार बंद, कचेऱ्यांना सुट्टी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अख्खं गाव शेतात. ज्याला शेत नाही त्याला दहा जणांची आवतनं. सकाळी पाणंदीनं रांग लागते. पुढं घोंगडं पांघरून डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेतलेलं माणूस, मागं भज्जीचं पातेलं, उंड्यांची टोपली, पोरं, पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी कुत्री. एरवी लिंबाच्या झाडाशी थांबणारा टायगरसुद्धा त्या दिवशी हद्द ओलांडतो आणि पलीकडची कुत्री त्याला काही म्हणत नाहीत. एवढा तह फक्त भज्जीपुढंच होतो. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, त्याला बेसन लावलेली ती भज्जी, बाजरीचे उंडे, वर ताकातली आंबील. हे पोटात गेल्यावर माणूस ज्वारीच्या सावलीत आडवा होतो. शेटजींचं घड्याळ त्या दिवशी दुपारनंतर ‘उठा, चाला’ म्हणून थरथरतं आणि शेटजी ते काढून बिंदगीवर ठेवतात.

शेतात कडब्याची कोप करून तिच्यात पाच दगड मांडतात. ते पाच पांडव. गुरुजी पूजा झाली की न चुकता महाप्रस्थानाची गोष्ट काढतात. पाच भाऊ, द्रौपदी आणि एक कुत्रं असे सगळे हिमालयाकडं चालत निघाले. वाटेत आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. शेवटी उरले धर्मराज आणि कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला, म्हणाला बसा, कुत्रं नको. धर्मराज म्हणाले, कुत्र्याशिवाय येत नाही.

आमच्या टोळीतही हाच क्रम असतो. टेलर पहिल्या टपरीला पडतो. शेटजी सुशीला-भजीच्या गाड्यापाशी. गुरुजी कुणी माजी विद्यार्थी भेटला की तिथंच. मी कुठं पडतो ते सांगायची गरज नाही. शेवटी उरतात भाऊसाहेब आणि मॅनेजर. परवा मागून एक मोटारसायकल आली. ओळखीचाच पोरगा. म्हणाला, “बसा की भाऊसाहेब, सोडतो. कुत्रं तेवढं नको.” भाऊसाहेबांनी धोतर सावरलं आणि वाक्य संपायच्या आत मागच्या सीटवर बसले. मॅनेजर जरा वेळ धुळीकडं बघत राहिला आणि बँक उघडायच्या वेळेला गावात हजर झाला.

कोपीत पाचच दगड का, सहावा कुत्र्याचा का नाही, असं टेलरनं यंदा विचारलं. गुरुजी विचारात पडले. तेवढ्यात काळ्या कुत्रीनं नैवेद्याचा उंडा उचलला होता, त्यामुळं प्रश्न तिच्यापुरता मिटला.

तर मंडळी, चालायची हौस असेल तर येळवशीला आमच्याकडं या. डिसेंबर-जानेवारीत पंचांग बघून ठरवा. सोलापूर किंवा उमरग्यावरून आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचा, कारण येळवशीच्या दिवशी रस्ता विचारायला गावात माणूस भेटणार नाही. चप्पल जुनी घाला, पोट रिकामं आणा. आणि तुमचं कुत्रं, पट्टा, पिशवी घरी ठेवा. तुम्हाला फिरवायला इथं पुरेशी कुत्री आहेत.